पंख आणि खवले

"उलटा धर," सासूबाई म्हणाल्या.

चांगुणाने बोंबील उलटा धरला. तो तिच्या बोटांतून निसटून पाटीत पडला, तिने पुन्हा उचलला. सासूबाईंनी पदर खोचला, ओटीवरून वाकल्या आणि अंगठ्याचं नख माशाच्या पोटावरून ओढलं. नखाला काही लागलं नाही.

"ह्याला खवलं कुठं हायेत?"

"हायेत ना, आजी. मागच्या अर्ध्या आंगाव हायेत, फुडच्या अर्ध्या आंगाव नायत."

"मग हा शुद्ध का अशुद्ध?"

"मागचा अर्धा तू घे, फुडचा मी खातंय. दोघींचा धरम राहील."

आत बाजेवर मला हसू फुटलं. फार दिवसांनी फुटलं होतं. मांडीवरच्या तान्ह्या रूथने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली, तसं माझं हसू जागच्या जागी विझलं. तिच्या रडण्यात जोर नव्हता. दार करकरावं तसा एक बारीक आवाज निघायचा, थांबायचा, पुन्हा निघायचा. त्या आवाजाने मला घरात बसवत नव्हतं आणि बाहेर पडायला बाळंतिणीला परवानगी नव्हती.

"नको बाई, ने तो," बाहेर सासूबाई म्हणाल्या. "मासा म्हणायचा का शेंबूड, तेच कळंना."

कोळीवाड्यात सासूबाईंना खवलेबाय असं नाव पडलं होतं. ते त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत फक्त चांगुणाची.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, आडबंदर नावाच्या गावी, माझे यजमान दानीएल साळवे पाळक म्हणून नेमले गेले होते. त्या काळी मी त्यांचं नाव घेत नसे. आता घेते, वय झाल्याचा एवढाच फायदा. आमची मंडळी सात-आठ घरांची. गावातले लोक आम्हाला शनिवारवाले म्हणायचे, कारण आम्ही उपासना रविवारी न करता शनिवारी करायचो. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटत नसे. चहा नाही, तंबाखू नाही. आणि बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात कोणता प्राणी शुद्ध आणि कोणता अशुद्ध हे जे सांगितलं आहे, ते आम्ही अक्षरशः पाळायचो. बाकीचे ख्रिस्ती म्हणत, येशू आला आणि ते सगळं संपलं. आम्ही म्हणायचो, संपलं नाही.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. तिकडे हा नियम पाळणं सोपं होतं. डुकराला हात लावला नाही की बहुतेक काम भागलं. पाण्यातल्या जिवांना पंख, म्हणजे पोहायचे पर, आणि खवले दोन्ही असले तरच ते खावेत, हे आम्ही पाठ म्हणायचो खरं, पण जालन्याला पाणीच कुठे होतं. मग आम्हाला समुद्रावर पाठवलं आणि कळलं की अर्धा समुद्र अशुद्ध आहे. कोलंबी, खेकडा, कालवं, शिवल्या, माकुळ, वाम, शार्कच्या जातीची मुशी, सगळं बाद. ज्या गावाचं पोट त्याच्यावर, त्या गावात दानीएल दर शनिवारी उभे राहून ते समजावून सांगायचे.

चांगुणा ही कोळीण, विधवा, मासे विकून घर चालवणारी. दर शनिवारी ती प्रार्थनामंदिराच्या पायरीशी पाटी ठेवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. पुढे यायची नाही, कपड्यांना वास येतो म्हणायची. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता. दानीएलनी तिला एकच अट घातली होती. जे आपण खात नाही, ते दुसऱ्याला विकू नये.

"जाल्यात काय शिरंल ता मना इचारून शिरतं क, पास्टर?" ती म्हणाली होती.

पण दानीएलनी अट सोडली नव्हती.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती. म्हणून पहिलं बाळंतपण करायला माहेराऐवजी सासूबाईच आमच्याकडे आल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. राहेलबाई त्यांचं नाव. जन्मभर त्यांनी बायबलबाई म्हणून खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्र सांगितलं होतं. त्या एसटीतून उतरल्या त्या अळीव, डिंक, खारीक आणि बाजरीच्या पिठाचं गाठोडं घेऊन. मला रोज शेपूची भाजी, लसणाची चटणी, अळिवाची खीर. मी सगळं खाल्लं. दूध आलं नाही.

म्हणजे आलं, पण चमचाभर. रूथ जिवाच्या आकांताने ओढायची, दमायची, रडायची, पुन्हा ओढायची. शेळीचं दूध घातलं तर ओकायची. डब्यातल्या पावडरीने तिचं पोट बिघडलं. खाडीपलीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगावरचं पाजा, नाहीतर अलिबागला न्या, आणि नेण्याआधी प्रार्थना करा. त्यांनी ते चेष्टेने म्हटलं नव्हतं. रूथच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती. तिला अंघोळ घालताना सासूबाई नेहमी काहीतरी गुणगुणायच्या, त्या दिवसांत त्या गुणगुणायच्या थांबल्या.

मीही एका जागी बसत नव्हते. बाजेवरून उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, कूस बदलायची, पदर सारून पाहायची. दूध आलं का बघायला जितक्यांदा मी माझीच छाती दाबून पाहिली, तितकी कुठल्या गवळ्याने गाय दाबली नसेल.

त्या बोंबलाच्या दिवशी चांगुणाने पाटी डोक्यावर घेतली, पण ती गेली नाही. ओटीखाली तशीच उभी राहिली.

"आजी, बोलू क?"

"बोल की."

"पोर रडतं ता आमच्या आलीपर्यंत आयकू येतं. दूध नाय ना तिला?"

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"आमच्यात बालंतिनीला मुशी देतात. ल्हान पिल्लाची. पातल रस्सा करायचा, लसून घालून. माजी तीन पोरं त्याच्यावच वाढलीत. मी पैसं नाय घेनार."

"मुशीला खवलं असतात?"

"नाय. कातडं असतं, खरखरीत."

"मग नको."

"आजी, पोर हाय गो तिचं."

"नातच हाय ती माझी," सासूबाई म्हणाल्या. "नको म्हटलं ना."

त्या संध्याकाळी मी दानीएलशी भांडले. बाळंतिणीच्या खोलीत ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे, मी आतून.

"प्रेषित पेत्राला दर्शनात ती चादर दिसली ना? चार टोकांनी धरलेली, आत सगळ्या जातीचे प्राणी. मारून खा, असं देवच म्हणाला त्याला."

"ते माणसांविषयी होतं, लीदिया. परक्या माणसाला अशुद्ध म्हणू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. त्याने त्यातलं काही खाल्लं असं कुठे लिहिलंय?"

"उपाशी लेकराला समोर ठेवून विचारलं असतं तर खाल्लं असतं."

दानीएल दगडाच्या काळजाचे नव्हते. रात्ररात्र ते ओटीवर येरझारा घालायचे, त्यांच्या पावलांचा आवाज मला आत ऐकू यायचा. पण ज्या बाईने त्यांना हा नियम दुधाबरोबर पाजला, ती बाई स्वयंपाकघरात बसली होती, आणि तिच्यापुढे नियम मोडायचा म्हणजे तिला मोडायचं.

"आईला विचार," ते शेवटी म्हणाले. "ती हो म्हणाली तर मी मध्ये येणार नाही."

मी विचारायच्या आधीच सासूबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रूथला त्यांनी माझ्याकडून घेतलं, पायांवर आडवं टाकलं आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या.

"तुला वाटत असंल, म्हातारी हटवादी हाय," त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही, म्हणजे हो म्हणाले.

"मी लहान होते तवा आमच्या वाड्यात गावातलं मेलेलं ढोर यायचं. माझा बाप ओढून आणायचा. ते खायचं आन् उरलं तर चान्या करून दोरीवर वाळत घालायच्या. घरात आढ्याला कायम ती दोरी. गाव म्हणायचं, तुमचा जन्मच विटाळाचा. सावली पडली तरी अंगणात शेण सारवायचे. मग एक पाळक आले, झाडाखाली बसून त्यांनी शास्त्र वाचलं. त्यात लिव्हलेलं, मेलेलं खाऊ नका, अमुक शुद्ध, तमुक अशुद्ध. माझी आई ऐकत राहिली. घरी आली आन् तिनं ती दोरी तोडून उकिरड्यावर फेकून दिली. का, ते कळतंय तुला?"

"का?"

"गाव म्हणत होतं विटाळ आमच्या अंगात हाय. ह्या पुस्तकानं सांगितलं, विटाळ ताटात असतो. जन्म टाकता येतो का कुणाला? ताट टाकता येतं. आईनं टाकलं. त्या दिवसापासनं आम्ही कुणापुढं मान खाली घातली नाही. तू म्हणतेस पंख आन् खवलं. माझ्यासाठी ती गोष्ट माशाची नाही, बाई."

मला राग आलाच होता, आता त्यावर रडूही आलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला कळत होतं, आणि त्या खऱ्यात माझं लेकरू वाळत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा नेहमीपेक्षा लवकर आली. पाटीत केळीच्या पानात गुंडाळलेले चार-पाच तुकडे होते, पांढरेशुभ्र. ओटीवर पान उघडून तिने ते सासूबाईंपुढे सरकवले. बाजेवरून मला दार आणि दोघींच्या पाठी दिसत होत्या.

"घोल हाय, आजी. मोठी घोल. तुज्या पुस्तकातली. बघ खवलं."

सासूबाईंनी तुकडा हातात घेतला. रुपयाएवढे मोठे, चकचकीत खवले त्याला लागले होते. त्यांनी नख लावलं. एक खवला निघून त्यांच्या बोटाला चिकटला. तो त्यांनी उन्हात धरला.

"घोळीनं दूध येतं?"

"कालवनानं येतं. घोल चांगली, लसून चांगला."

सासूबाईंनी खवला पानावर परत ठेवला. मग पान उचलून आत गेल्या. मागल्या दारी घंगाळापाशी बसून त्यांनी ते तुकडे धुतले. धुतले म्हणजे किती धुतले. आतून मला फक्त पाण्याचा आवाज येत होता, ओतल्याचा, पुन्हा ओतल्याचा. एकदा तो थांबला आणि इतका वेळ थांबला की मी हाक मारली.

"आत्याबाई?"

"आले," त्या म्हणाल्या. पण लगेच आल्या नाहीत.

रस्सा पातळ होता, भरपूर लसणाचा, वर आमसूल. भाकरी कुस्करून मी पोटभर जेवले. मासा मऊ होता, एकही काटा लागला नाही, मधोमध फक्त दातांखाली कुरकुरणारं हाड.

"घोळीला काटे नसतात का हो?"

"गुमान जेव," सासूबाई म्हणाल्या.

त्या स्वतः जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या, कोरडी भाकरी आणि चटणी घेतली. दुसऱ्या दिवशीही त्यांचं पोट बरं नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशीही. चांगुणा रोज पान आणायची, सासूबाई रोज धुवायच्या, मी रोज जेवायची. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. थट्टाही बंद झाली होती.

आणि दूध आलं. पहाटे चोळी ओली झाली म्हणून मी जागी झाले, आधी वाटलं, रूथनेच ओलं केलं. मग कळलं. मी इतकी घाबरले की हाकसुद्धा मारली नाही, आधी तिला छातीशी धरलं. ती ओढू लागली आणि घोटाचा आवाज आला. गुटक, गुटक. तो आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, दूध काय, जेवण पोटात गेलं की येतं, चिंता कमी झाली की येतं, मासाच लागतो असं नाही. असेल. मला आडबंदरात कुणी ते सांगितलं नाही.

महिनाभरात रूथने बाळसं धरलं. तिच्या मनगटांना वळ्या पडल्या. सासूबाई पुन्हा गुणगुणू लागतील असं मला वाटलं होतं. त्या लागल्या नाहीत.

मग प्रभुभोजनाचा शनिवार आला. आमच्या मंडळीत तो तीन महिन्यांतून एकदा यायचा. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आम्ही एकमेकांचे पाय धुवायचो, येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. पुरुष अंगणात, बायका पडवीत. दोघी-दोघींच्या जोड्या, मध्ये परात, तांब्याभर पाणी, खांद्यावर पंचा. सासूबाईंना ह्याचं भारी कौतुक. जालन्याला त्या सगळ्यांत आधी परात घ्यायच्या आणि जिचे पाय सगळ्यांत भेगाळलेले तिच्यापुढे जाऊन बसायच्या.

त्या दिवशी मी परात भरून त्यांच्यापुढे धरली. त्या उठल्या, माझ्या बाजूने गेल्या आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर चांगुणाशेजारी जाऊन बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. पडवीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जन्मभर शास्त्र सांगितलेली बाई, पाळकाची आई, आणि बाप्तिस्मा न झालेल्यांच्या बाकावर. भाकर मोडताना दानीएलनी मान वर करून त्या बाकाकडे पाहिलं.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आई, काय झालं?"

"काही नाही."

"मग तू का नाही घेतलंस?"

"मला ते घ्यायला योग्य वाटंना."

"का?"

सासूबाईंनी आदल्या दिवशीची भाकरी ताटात वाढली आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं. दानीएलनी ताटाला हात लावला नाही. रूथ सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. एवढ्यात मागलं दार वाजलं आणि चांगुणा आत आली, स्वयंपाकघरात. आजवर ती ओटीच्या वर कधी चढली नव्हती. हात रिकामे, केस विस्कटलेले, धावत आल्यासारखी.

"आजी, तू आज माज्याकडं का बसलीस?"

"जागा होती म्हणून."

"नाय. मना कलतं." ती चुलीपाशी खाली बसली. "पास्टर, तूबी आयक. ती घोल नव्हती. मुशी व्हती. रोज मुशीच व्हती. मी तिला वरून जिताड्याची खवलं चिकटवलीत. आजीला ठावं नव्हतं, मंग आजीचं काय पाप? जे हाय ता माजं हाय. मना बाप्तिस्मा नको देऊ, पन तिला फुडं बसव."

दानीएल ताटावरून उठून उभे राहिले. मला शंका नव्हती असं नाही. बिनकाट्याच्या माशाची शंका कुणाला येणार नाही. पण मी ती चावून गिळली होती, रश्श्याबरोबर.

"अगं बये," सासूबाई म्हणाल्या, "कातडं काढलेल्या माशाला खवलं राहतील कुठून?"

चांगुणाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. मुशीचं खरखरीत कातडं ओळखू येईल म्हणून तिने ते सोलून टाकलं होतं आणि खवले नुसत्या मांसावर चिकटवले होते. जन्म मासळीत गेलेली बाई, पण खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

"पहिल्याच पाण्यात सगळी सुटी झाली. मी वेचून चुलीत टाकली, लीदियाला दिसू नयेत म्हणून."

"तुला माहीत होतं?" दानीएल म्हणाले. "आई, तुला माहीत होतं आणि तू शिजवलंस?"

"शिजवलं. रोज शिजवलं."

"मला सांगायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तुला हो म्हणावं लागलं असतं, नाहीतर नाही. दोन्ही तुला जड गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

दानीएल त्यांच्यापुढे खाली बसले. "ठीक आहे. झालं ते झालं. लेकरासाठी केलंस. आपण प्रार्थना करू, क्षमा मागू. देव काही..."

"क्षमा कशाची मागू?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण दानीएल थांबले.

"मी ती दोरीची गोष्ट सांगते ना," सासूबाई म्हणाल्या. "आईनं चान्या फेकल्या ती. गावोगाव सांगितली, बायका रडायच्या ऐकून. ती मी अर्धीच सांगते."

समुद्राचा वारा मागल्या दाराची कडी वाजवत होता.

"ते साल दुष्काळाचं होतं. घरात त्या दोरीबिगर दुसरं काहीच नव्हतं. अन् आईच्या अंगावर माझा भाऊ पीत होता. तान्हा. आईच्याच पोटात नाही तर त्याला कुठून मिळणार? शेजारणी यायच्या. म्हणायच्या, आमच्यातल्या चार चान्या ने, उकळ, नुसतं पाणी तरी पी, लेकरासाठी. आई म्हणाली, एकदा सोडलं ते सोडलं. तो रूथसारखाच रडायचा, बारीक. मी त्याला घेऊन अंगणात फिरायची, हात दुखायचे माझे. मग एक दिवशी तो रडायचा थांबला. मला आधी बरं वाटलं, बाई. झोपला वाटलं मला."

चांगुणाने तोंडाला पदर लावला.

"मंडळीनं आईला थोर म्हटलं. पाळकांनी तिचं नाव घेऊन उपदेश केला. मीबी तेच मानलं. तिनं एवढं दिलं म्हणून आम्ही माणसांत आलो, असं मानून मी सगळा जन्म चालले. आता तू सांग दानू, तू शिकलेला हायेस. मी आज क्षमा मागितली तर माझ्या हातनं पाप झालं, म्हणजे हे लेकरू जगलं ते पाप. अन् नाही मागितली तर..." त्या थांबल्या. "तर मग माझ्या आईनं काय केलं?"

दानीएलना आपल्याला एक मामा होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. पुढे वर्षभराने त्यांनी चांगुणाला खाडीत बाप्तिस्मा दिला. तिची पाटी तेव्हा काठावरच होती आणि तिच्यात काय आहे ते कुणी झाकून ठेवलं नव्हतं. सासूबाई मात्र जिवंत असेपर्यंत प्रभुभोजनाला पुढे आल्या नाहीत, आणि पंख-खवले नसलेल्या माशाचा तुकडाही त्यांनी कधी तोंडात घातला नाही. दारात मासळी आली की अंगठा तसाच चालायचा. मला त्यांचा तो हिशेब कधी कळला नाही, आणि त्यांना तो सुटला होता असंही मला वाटत नाही.

पण त्या दुपारी कुणाला काही बोलायची वेळच आली नाही. त्यांच्या मांडीवर रूथ जागी झाली. आता तिचं रडणं बारीक राहिलं नव्हतं. हातपाय झाडत, लालबुंद होऊन, अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं ती रडली. सासूबाईंनी तिला उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"घे. भूक लागली तिला."

मी भिंतीकडे वळून तिला छातीशी धरलं. ती ओढू लागली आणि तो आवाज आला, गुटक, गुटक. दानीएल उठून बाहेर गेले. चांगुणा तशीच चुलीपाशी बसून होती. सासूबाई सरकत माझ्याजवळ आल्या, रूथच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी एका बोटाने तो गाल हळूच दाबला.

"पी, माय," त्या म्हणाल्या. "दोघांचं पी."